धूर कुणाचा, दंड कुणाला?

पिंपरी-चिंचवडला आपण उद्योगनगरी म्हणतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को आणि बजाज आले आणि त्यांच्या मागोमाग शेकडो लहानमोठी वर्कशॉप उघडली. ७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली कितीतरी घरे याच पट्ट्यात पोट भरू लागली. १९७० ची नगरपालिका १९८२ साली महानगरपालिका झाली. नंतर कारखाने चाकणकडे सरकले, माणसेही सरकली. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी या गावांत आता एकेका वाड्यात वीस-वीस खोल्या भाड्याने दिलेल्या दिसतात.

अशा नगरीत धूर म्हटला की डोळ्यापुढे कारखान्याची चिमणी उभी राहते. ते बरोबरच आहे. पण धुराचा आणखी एक उगम आहे आणि त्याची चर्चा वर्तमानपत्रात फारशी होत नाही. तो आपल्या उंबऱ्याच्या आत आहे. सकाळी पाच वाजता पहिल्या पाळीच्या माणसासाठी पेटणारा बंब, खोलीच्या दारातली तीन दगडांची चूल, गॅस संपल्यावर बाहेर काढलेली शेगडी आणि गल्लीच्या टोकाला जाळलेला कचरा. या धुराविषयी कायदा काय म्हणतो, तो कुणाला लागू होतो, आणि दंडाची पावती फाडायला आलेल्या माणसाशी काय बोलावे, हे आपल्या घरोघरी माहीत असायला हवे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ योजनेत भोसरी, निगडी, आळंदी येथे हवा मोजणारी केंद्रे बसवली गेली. रस्त्यावरच्या हवेत किती बारीक धूळ आहे हे ती सांगतात. बारीक म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतके कण. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. २००९ साली केंद्राने ठरवलेल्या मानकाप्रमाणे अशा कणांची चोवीस तासांची सरासरी एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. ही झाली चौकातली मोजणी. दहा बाय दहाच्या खोलीत ओले लाकूड पेटवून भाकरी थापणाऱ्या बाईच्या तोंडापुढची हवा कोणते यंत्र मोजते?

मोजणारा एक माणूस होता. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८१ च्या सुमारास गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच यंत्रे बांधून चुलीचा धूर मोजला. जगात तोवर मुख्यतः शहराच्या हवेचीच मोजणी होत होती. चुलीपुढची हवा मोठ्या शहरातल्या हवेपेक्षा कितीतरी वाईट आहे हे त्यांनी आकड्यांनी दाखवले आणि जन्मभर त्याचाच पाठपुरावा केला. २०२० साली ते वारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, आणि त्यात पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक बालके होती. बाळाला न्यूमोनिया होतो, वजन कमी भरते, आईला दम लागतो, डोळ्यात मोतीबिंदू लवकर उतरतो. आपण म्हणतो, थंडी बाधली, नजर लागली.

माझ्या माहितीतल्या एका मावशींना वर्षभर खोकला होता. कधी विडी ओढली नाही, मिसरीही नाही. टीबीचे औषध झाले, गुण आला नाही. शेवटी एका डॉक्टरने फुंकर मारून घेण्याची तपासणी केली आणि विचारले, स्वयंपाक कशावर करता? असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला होता. दीर्घ खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात तर हे आपणहून सांगा. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला नाही तर फुंकर मारण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून मिळते का ते विचारा. वायसीएमसारख्या मोठ्या रुग्णालयात छातीच्या विकाराचा विभाग असतो.

आता कायद्याकडे येऊ.

धुराचा कायदा आपल्या प्रांताला नवा नाही. मुंबई इलाख्यात १९१२ सालीच धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला. त्याचा रोख गिरण्यांच्या बॉयलरवर होता. स्वातंत्र्यानंतर १९८१ साली हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा आला. त्याचे कलम १९ वाचले तर भीती वाटेल. राज्य शासन एखादा भाग ‘हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकते, तेथे मान्य इंधनाखेरीज दुसरे इंधन वापरू नये असे सांगू शकते, आणि इंधन नसलेली कोणतीही वस्तू जाळण्यास बंदी घालू शकते. पण नीट वाचावे. यातली कोणतीही बंदी शासनाने प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून, राजपत्रात अधिसूचना काढून घालायची असते. इंधनाच्या बंदीला तर अधिसूचनेच्या तारखेपासून किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी लागते. म्हणजे आज सकाळी कोणी टोपीवाला आला आणि ‘तुमची चूल बेकायदा आहे’ म्हणाला, तर त्याला शांतपणे विचारावे, साहेब, कोणत्या अधिसूचनेप्रमाणे? लेखी दाखवा.

कचरा जाळण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे कायदा स्पष्ट आहे आणि आपल्या बाजूचा नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नाल्यात कचरा टाकणे, जाळणे, पुरणे मना केले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला साध्या प्रकरणात ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाईचा आदेश दिला. याशिवाय हवा आरोग्याला अपायकारक करणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या २७८ व्या कलमाखाली गुन्हा होता, त्याला दंड ५०० रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम २८० झाले आणि दंड हजारापर्यंत गेला.

पाच हजार म्हणजे किती? धुणीभांडी करणाऱ्या बाईची कित्येक घरांची महिन्याची कमाई. मी कारकून माणूस, आकडा दिसला की दुसऱ्या बाजूला काय येते ते पाहण्याची सवय आहे. ज्याचा कचरा वेळेवर उचलला जातो त्याला कचरा जाळण्याची गरजच पडत नाही. औद्योगिक पट्ट्यातल्या एका गावात आम्ही काही कार्यकर्ते गेलो होतो. भाड्याच्या खोल्यांच्या मागे धूर निघत होता. आमच्यातला एक जण म्हणाला, “ताई, प्लॅस्टिक जाळू नका, पोरं खोकतील.” ताई म्हणाल्या, “दादा, मग कुठं टाकू? मालक म्हणतो दारात ठेवायचा नाही, गाडी तर इकडं येतच नाही. डुकरं येण्यापेक्षा जाळलेलं बरं.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तेथे दंड कुणाला करायचा, त्या बाईला, वीस खोल्यांचे भाडे घेऊन एक कचरापेटीही न ठेवणाऱ्या मालकाला, की गाडी न पाठवणाऱ्याला? पावती फाडायला बाई सोपी, कारण ती जागेवर सापडते.

हेच सफाई कामगाराचे. झाडलेला पालापाचोळा वाहून न्यायला गाडी मिळत नाही, मुकादम म्हणतो जागा साफ दिसली पाहिजे. मग काडी लावली जाते. काडी लावणारा हात आपल्याच भावाचा असतो आणि दंडही त्याच्याच पगारातून कापला जाण्याची भीती असते. असे घडले तर हुकूम कुणी दिला हे लेखी मागावे. रात्रपाळीच्या वॉचमनच्या शेकोटीबाबतही तेच. दिल्लीत हवा बिघडली की निवासी संघांनी आपल्या रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत असे तेथील आयोगाने सांगितले. आपल्याकडच्या सोसायट्यांना हे सांगायला काय हरकत आहे?

आता बंबाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या पट्ट्याचे दुखणे तेथे आहे. गावाकडे बंबात जळते ते तुराट्या, पऱ्हाटी, गोवरी. येथे काय जळते? कंपनीतून आलेल्या पॅकिंगच्या पेट्यांची फळकुटे, प्लायचे तुकडे, रंगवलेले लाकूड, पुठ्ठा, फोम, चपलांचे तळवे, रबर, वायरचे वेटोळे, आणि ऑइल पुसलेले कॉटन वेस्ट. कॉटन वेस्ट झटकन पेट घेते म्हणून बायकांना ते सोयीचे वाटते. पण लाकडाचा धूर आणि याचा धूर एक नव्हे. प्लायमध्ये डिंकासारखी रसायने असतात, जुन्या रंगात शिसे असू शकते. पीव्हीसी वायर जाळली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो आणि डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. ती अन्नातून, दुधातून अंगात साठत राहतात. बंबाची राख आपण भांडी घासायला घेतो, तीत ही सारी घाण उतरलेली असते. फळकुटांवर जगणाऱ्या बंबाची राख भांड्यांना लावू नका, एवढे तरी आजपासून करता येईल.

आणि कायद्याने पाहिले तर ते ऑइलचे बोळे मुळात आपल्या घरी यायलाच नकोत. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत तेलाने माखलेल्या चिंध्या आणि पुसण्याची साधने यांचा उल्लेख आहे. कारखान्याने त्याची नोंद ठेवून तो अधिकृत ठिकाणी पाठवायचा असतो. पुणे जिल्ह्यात रांजणगावला त्यासाठी प्रकल्प आहे. तेथे पाठवायला किलोप्रमाणे पैसे पडतात, कंत्राटी कामगाराने घरी नेले तर काही पडत नाही. कंपनीचा खर्च वाचला, आपल्याला सरपण फुकट मिळाले असे वाटले, आणि हिशेबाची बाकी पोराच्या छातीत जमा झाली. युनियनच्या मिटींगमध्ये बोनसबरोबर हाही प्रश्न निघाला पाहिजे.

भंगाराचेही तेच. चिखली-कुदळवाडीत भंगाराची हजारो गोडाऊन होती. तेथे वारंवार लागणाऱ्या आगी आणि धूर यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने मोठी कारवाई करून ती पाडली. धुराच्या दृष्टीने काही भागाला मोकळा श्वास मिळाला असेल, पण तेथे भंगार वेचून, फोडून पोट भरणारी माणसे गेली कुठे याचा हिशेब कुठल्या फाईलमध्ये दिसत नाही. धंदा बंद होत नसतो, तो पुढच्या गावाच्या हद्दीत जातो आणि सोबत धूरही नेतो.

काहीजण म्हणतात, धुराडे बसवा, काम भागले. निर्धूर चुलीची राष्ट्रीय योजना १९८३ च्या सुमारास सुरू झाली आणि २००२ मध्ये बंद झाली. सरकारी हिशेबात कोट्यवधी चुली बसल्या. त्यांतल्या किती वर्षभर टिकल्या ते ज्यांच्या घरी बसल्या त्यांना विचारा. धुराड्यात काजळी साचे, कोणी साफ करीत नसे, चुलीचे तोंड घरच्या भांड्याला बसत नसे. आणि दाट वस्तीत धुराडे धूर संपवीत नाही, तो शेजारणीच्या खिडकीत पाठवतो. शेतातल्या एकट्या घराला धुराडे चालेल. भिंतीला भिंत लागलेल्या चाळीत इंधनच बदलावे लागते.

हे इंग्लंडला फार महागात कळले. लंडनमध्ये घरोघरी कोळशाच्या शेकोट्या आणि त्यांवर उंच धुराडी होती. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत धुके आणि धूर असा मिसळला की सुमारे चार हजार माणसे मेली असे तेव्हा सांगण्यात आले. पुढच्या संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. मग १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. नगरपालिकांना ‘धूरबंदी क्षेत्र’ ठरवण्याचा अधिकार मिळाला, तेथे धूर करणारा कोळसा घरातही जाळता येईना. येथवरची कथा आपले अधिकारी भाषणात सांगतात. पुढचा भाग ते सांगत नाहीत. त्याच कायद्यात असे होते की, शेगडी बदलण्याचा जो वाजवी खर्च येईल त्याचा दहापैकी सात हिस्से परतावा घरमालकाला किंवा भाडेकरूला मिळेल. त्यांनी आधी पर्याय दिला, पैसे दिले, आणि मग दंडाची भाषा केली.

आपल्याकडे ताजे उदाहरण मुंबईचे आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तंदूर यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यावे असा आदेश दिला. बेकऱ्यांतून मोडक्या फर्निचरची लाकडे जळत होती ही तक्रार खरीच होती. मात्र भट्टी बदलण्याचा खर्च कुणाचा, हा प्रश्न लहान बेकरीवाल्यांनी लावून धरला. आज बेकरी आहे, उद्या वडापावची गाडी असेल, परवा चाळ. तेव्हा लंडनचे ते दहापैकी सात हिस्से आपल्या लक्षात असू द्यावेत.

मग पर्याय काय? पूर्वी आपला आधार निळे रॉकेल होते. रांगेत डबा घेऊन उभे राहण्यात आपल्या आयांचे आयुष्य गेले. जुलै २०१६ पासून त्याचा दर टप्प्याटप्प्याने थोडा थोडा वाढवत नेला आणि २०२० पर्यंत केंद्राची सबसिडी संपली. रॉकेलबद्दल फार हळहळ नको. स्टोव्हच्या भडक्यात किती सुना जळाल्या ते आपल्याला ठाऊक आहे, आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही घरात रॉकेल वापरू नये असाच सल्ला दिला. पण रॉकेल गेले तेव्हा गॅस न परवडणारी घरे लाकडाकडे परत गेली, हेही खरे.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. बाईच्या नावावर, अनामत न भरता जोडणी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची अडचण होती ती पत्त्याची. ऑगस्ट २०२१ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हा स्थलांतरितांना रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असे ठरले. ही गोष्ट चाकण पट्ट्यातल्या कितीतरी बहिणींना कोणी सांगितलेलीच नाही. एजन्सीवाला ‘गावाकडचं कार्ड चालत नाही’ म्हणतो आणि त्या परत फिरतात. नवे अर्ज सध्या घेतात का ते एजन्सीत विचारावे आणि नकार दिला तर कारण लिहून मागावे. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे जाहीर केले. तिची अट अशी की जोडणी बाईच्या नावावर हवी. आपल्या घरी गॅसचे पुस्तक अजून दादल्याच्याच नावावर असते! ते बदलून घ्यावे. योजना येतील जातील, पण पुस्तकावर घरातल्या बाईचे नाव असणे केव्हाही चांगले.

गॅस महाग आहे हे मान्य. एप्रिल २०२५ मध्ये पुणे परिसरात १४.२ किलोचा सिलिंडर साडेआठशेच्या पुढे गेला. पण येथे एक हिशेब करून पाहा. रोज ४० रुपयांचे सरपण घेणारी बाई महिन्याला १२०० रुपये देते. अडचण रकमेची नाही, एकदम काढण्याची आहे. रोजंदारीच्या घरात चाळीस निघतात, साडेआठशे निघत नाहीत. याला उपाय आपल्या हातात आहे. वस्तीत बचत गट आहेत, विहारात महिला मंडळे आहेत, भिशी तर घरोघर चालते. गॅसची वेगळी भिशी घालावी. दहा बायकांनी आठवड्याला दोनशे टाकले तर महिन्याला आठ हजार जमतात, सर्वांच्या टाक्यांना थोडेच कमी पडतात. ज्यांच्याकडे जोडणीच नाही त्यांना पाच किलोचा लहान सिलिंडर केवळ ओळखपत्रावर, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. किलोमागे तो महाग पडतो, पण तो अधिकृत विक्रेत्याकडचा असतो.

कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या टाकीतून लहान टाकीत भरून मिळणारा गॅस घेऊ नका. तो गुन्हा तर आहेच, जिवावरचाही आहे. ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री ताथवडे येथे टँकरमधून सिलिंडरमध्ये चोरून गॅस भरताना स्फोट झाले. एकामागून एक सिलिंडर उडाले, शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. रविवार होता म्हणून गाड्यांत मुले नव्हती.

आणखी एक सांगायचे म्हणजे, न दिसणारा धूर. थंडीत खोलीची दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन झोपणारे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. डोके जड होते, झोप येते, आणि माणूस जातो. पुनर्वसनाच्या इमारतीत राहायला गेलेल्या घरांत आता न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवतात. खिडकी बंद असेल तर तोही हेच करतो. गीझर बाहेर गॅलरीत बसवावा, न्हाणीची जाळी पुठ्ठ्याने बुजवू नये, आणि मूल अंघोळीला गेले की दहा मिनिटांनी हाक मारावी.

बंब एकदम बंद होणार नाही. तोवर तो घरात नव्हे, उघड्यावर ठेवावा, वाळलेले साधे लाकूडच घालावे, तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला त्याच्यापासून दूर ठेवावे. पुनर्वसनाच्या इमारतीत गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवण्याची सोय मागून घ्यावी आणि बंद पडली असेल तर सोसायटीने अर्ज करावा.

महापालिकेच्या हद्दीत उघड्यावर कचरा, वायर किंवा रबर जाळले जात असेल तर २०१३ साली सुरू झालेल्या ‘सारथी’ हेल्पलाइनवर, ८८८८००६६६६ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जागा, वेळ आणि काय जळत होते ते सांगा, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. धूर कंपनीचा किंवा गोडाऊनचा असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. कचरागाडी येत नाही म्हणून जाळावे लागते अशी स्थिती असेल, तर गाडी कोणकोणत्या तारखांना आली नाही हे पंधरा दिवस लिहून काढा, खाली दहा-बारा बायकांच्या सह्या घ्या आणि तो कागद क्षेत्रीय कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत नेऊन द्या. एक प्रत घरी ठेवा. पावती फाडायला कोणी आलेच, तर तीच प्रत त्याच्या हातात देता येईल.